कुंडलिकेला सकाळी पाणी सुटतं

एप्रिल-मे महिन्यात राफ्टवर बसलेले पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, ताम्हिणी घाटातले सगळे धबधबे आटलेत. येताना एकाही ओढ्यात पाणी दिसलं नाही. मग ह्या नदीला एवढं पाणी आलं कुठून?" उत्तर मिळतं, "धरणाचं." तेवढ्यात पुढचा रॅपिड, म्हणजे खडकांमधून उसळत धावणाऱ्या पाण्याचा टप्पा, येतो, सगळे वल्ही सावरतात आणि विषय तिथंच संपतो.

मला ते उत्तर पुरत नाही. मी कोलाडजवळ कुंडलिका नदीवर सेफ्टी कयाकर म्हणून काम करतो, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीतून, कयाकमधून, राफ्टबरोबर राहतो आणि कुणी पाण्यात पडलं तर त्याला बाहेर काढतो. माझं घर ह्याच नदीच्या काठी, सुतारवाडीच्या जवळ आहे. ज्या पाण्यावर आमच्या कितीतरी घरांची चूल पेटते ते पाणी कुठून निघालं, कशासाठी निघालं आणि त्यासाठी कुणाचं काय गेलं, हे बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पाण्याची वाट सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, पुण्याच्या अंगाला मुळशीचं धरण आहे. ते मुळा नदीवर बांधलंय. ही मुळा तिच्या मनाप्रमाणे गेली तर पुण्यात संगमावर मुठेला भेटते, मग भीमेत जाते, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण धरणात अडवलेलं पाणी उलट्या दिशेनं, पश्चिमेला वळवलेलं आहे. बोगद्यातून ते कड्याच्या टोकाशी येतं आणि तिथून पोलादी नळांतून सुमारे 500 मीटर खाली, आमच्या भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. नळाच्या तोंडाशी एवढा जोर असतो की तिथं पेल्टनची चाकं लागतात. पाण्याची धार वाट्यांवर आदळते आणि चाक फिरतं. 1927 साली हे वीजघर सुरू झालं. टाटांची खोपोली 1915 ची, भिवपुरी 1922 ची, आणि भिरा हे तिसरं. मुंबईच्या गिरण्या ह्या विजेवर चालल्या, पुढं लोकल गाड्या चालल्या. आज भिऱ्याला 25 मेगावॉटचे सहा संच आहेत. शिवाय नव्वदच्या दशकात आलेला 150 मेगावॉटचा एक मोठा संच आहे. हा संच मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पुन्हा डोंगरावर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली घेऊन वीज करतो.

चाकं फिरवून बाहेर पडलेलं पाणी खालच्या तलावात साठतं. तिथून ते पुन्हा एकदा वीज करतं, रवाळज्याच्या सरकारी वीजघरात. ते 80 मेगावॉटचं आहे. तिथून जे सुटतं ते येतं आमच्या नदीत. म्हणजे साज्याला, जिथून आमचं राफ्टिंग सुरू होतं तिथं, तुम्ही राफ्ट पाण्यात ढकलता तेव्हा त्या पाण्यानं दोनदा वीज केलेली असते.

कुंडलिकेला स्वतःचं पाणी नाही असं कुणी समजू नये. ती भिऱ्याच्या वरच्या डोंगरातून, देवकुंडाच्या बाजूनं येते. पावसाळ्यात तिचं तिचं पाणी इतकं असतं की रोह्याला इशारा पातळी ओलांडल्याची बातमी दरवर्षी कधी ना कधी येतेच. पण दिवाळी झाली की हे पाणी उतरायला लागतं, आणि फाल्गुनात भिऱ्याच्या बाजूला काय उन्हाळा पेटतो ते आम्हालाच ठाऊक. 2017 च्या मार्चमध्ये भिऱ्याला 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं आणि आमचं एवढंसं गाव देशभरच्या बातम्यांत आलं. त्या नोंदीवर हवामान खात्यातच पुढं बरीच चर्चा झाली. नोंद कशीही असो, अंगाची लाही होत होती हे खरं. अशा दिवसांत नदीत गुडघाभर, छातीभर थंडगार पाणी वाहताना दिसतं ते मुळशीचं.

लहानपणी आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की नदी सकाळी येते आणि नंतर जाते. आई कपडे घेऊन निघाली की शेजारची काकी अंगणातून विचारायची, "पानी सुटलाय का गो?" सुटलं असेल तर कपडे वरच्या कातळावर, नसेल तर खाली डोहाशी. माझा आजा म्हशी पाण्यात घालायचा. त्यानं मला नदीतला एक दगड दाखवून ठेवला होता, बसक्या बैलासारखा. त्याच्या पाठीवर पाणी चढायला लागलं की म्हशी बाहेर काढायच्या, मग हातातलं काहीही काम असो. आजही पोरांना पोहायला शिकवताना मी पहिल्यांदा तो दगड दाखवतो. धरणाच्या नदीवर राहणाऱ्या माणसाला ही खूण पोहण्याच्याही आधी यावी लागते, कारण आभाळ कोरडं असताना पाणी वाढतं. पावसाची नदी गढूळ होते, आवाज बदलते, काहीतरी सांगून येते. ही नदी स्वच्छ उन्हात वाढते.

ती कशी वाढते हे एकदा नीट बसून बघण्यासारखं आहे. साज्याला सकाळी लवकर गेलात तर आधी दिसतात नुसते काळे खडक. त्यांच्यावर कालच्या पाण्याची पांढुरकी रेघ असते. खडकांमधल्या फटींतून बोटभर पाणी झिरपत असतं, एखादा ढोकरी बगळा एका पायावर उभा असतो. मग कुठूनतरी पानं येतात. वाळलेली पानं, काड्या, थोडा फेस. पाणी वाढलेलं दिसत नाही, पण हा कचरा पळायला लागतो. थोड्या वेळानं फटी भरतात आणि दोन खडकांमधली वाळू ओली होते. बगळा एक दगड मागं सरकतो, मग आणखी एक. आणि एकाएकी लक्षात येतं की आवाज भरलाय, इतका वेळ वेगवेगळ्या धारांचे आवाज येत होते ते सगळे एक झालेत. ती पांढरी रेघ आता पाण्याखाली असते. तोवर आमची पोरं राफ्ट डोक्यावर घेऊन खाली उतरलेली असतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो, तिच्याकडं येतो.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि सत्तरीच्या पुढचे आजोबा. आजोबांना राफ्टमध्ये घ्यायचं की नाही ह्यावर वर थोडी चर्चा झाली. शेवटी पाणी बेताचं होतं म्हणून पहिला अवघड टप्पा रस्त्यानं टाळून त्यांना खालून बसवलं. शांत पट्ट्यात माझी कयाक त्यांच्या राफ्टला लागून चालली होती. आजोबांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्याला लावलं आणि नातवाला म्हणाले, "हे आपल्या मुळशीचं पाणी. तुझ्या खापरपणज्याचं भातखाचर ह्याच्या खाली आहे." नातवाला वाटलं नदीच्या तळाशी. त्यानं वाकून बघितलं. आजोबा म्हणाले, "इथं नाही रे, वर. डोंगराच्या पलीकडं."

त्या दिवशी ट्रिप संपल्यावर मी त्यांच्याशेजारी चहा घेऊन बसलो आणि ते बराच वेळ बोलत राहिले. पुढं मी मिळेल ते वाचत गेलो. मुळशी पेटा म्हणजे आंबेमोहोराचा मुलूख. मावळ्यांची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली खाचरं. नीळा आणि मुळा ह्या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं, आणि त्यात पन्नासच्या आसपास गावांची जमीन जायची होती. टाटांच्या कंपनीसाठी सरकारनं भूसंपादनाचा कायदा लावला. खाचरांत परवानगी न घेता खड्डे खणायला सुरुवात झाली तेव्हा लोक पेटून उठले.

16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी शेकडो मावळे, बायामाणसांसकट, धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, एडिंबरोला शिकायला गेलेले, बॉम्बची कृती शिकून परत आलेले. मुळशीनं त्यांना सेनापती केलं. त्यांच्या बरोबरीनं विनायकराव भुस्कुटे. काम काही महिने थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह झाला. लोक तुरुंगात गेले, बायकाही गेल्या. बापटांना एकापाठोपाठ एक शिक्षा होत गेल्या.

ह्या लढ्यात एक फार दुखरी गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. जमिनीची कागदोपत्री मालकी बऱ्याच ठिकाणी पुण्यातल्या सावकारांकडं होती, आणि कसणारे मावळे होते. सावकारांना चांगला मोबदला मिळाला तर हवा होता. मावळ्याला मोबदला नको होता, त्याला जमीन हवी होती. लढा जसा लांबत गेला तसं हे अंतर वाढत गेलं, आणि कसणारा माणूस एकटा पडत गेला. 1924 च्या अखेरीला बापटांनी अहिंसेची वाट सोडून धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, पकडले गेले, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तिथं संपला. तीन वर्षांनी भिऱ्याची चाकं फिरायला लागली.

धरणाविरुद्ध उभा राहिलेला हा देशातला अगदी सुरुवातीचा संघटित लढा. 2021 मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे, मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांतले किती जण रोज त्या रस्त्यांनी कामाला जातात! मी आता विचारतो, "सेनापती बापट रस्ता माहितीये?" हात वर होतात. मग सांगतो, "ते ज्या पाण्यासाठी तुरुंगात गेले त्या पाण्यावर तुम्ही बसलाय." एवढं ऐकलं की राफ्ट गप्प होते, आणि मग प्रश्न सुरू होतात. आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं असतं की पाहुणे मजा करायला आलेत, त्यांना कशाला जड करायचं. मला तसं वाटत नाही. माणसाला खरी गोष्ट सांगितली की त्याची मजा कमी होत नाही, तो पाण्याकडं जास्त नीट बघतो. गाइडचं सांगणंही मग जास्त नीट ऐकतो.

राफ्टिंग इथं साधारण वीस वर्षांपूर्वी आलं. त्याआधी कोलाड म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरचा चहाचा थांबा, आणि कोकण रेल्वेचं रोह्यानंतरचं पहिलं स्टेशन. ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून गोव्याकडं न्यायची रो-रो सेवा 1999 मध्ये इथूनच सुरू झाली, तेवढीच काय ती ओळख. मग बाहेरची माणसं आली, नदी बघितली, आणि त्यांच्या ध्यानात आलं की वर्षभर ठरलेल्या वेळी वाढणारं पाणी, मध्ये खडक आणि उतार, आणि मुंबई-पुण्याहून तीन-चार तासांचा रस्ता, हे एकत्र कुठं मिळणार? हृषीकेशला पावसाळ्यात गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं. आमच्याकडं पावसाळ्यातही चालतं, फक्त पुराचे दिवस सोडून.

पहिले गाइड नेपाळचे आणि हृषीकेशचे होते. आम्हा गावातल्या पोरांना त्यांनी हाताला धरून शिकवलं. माझे गुरू नेपाळचे, आम्ही त्यांना दाई म्हणायचो, नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ. त्यांना मराठीतला एकच शब्द आधी आला, "थांब". कारण आम्ही पोरं नदी आपलीच आहे म्हणून सूर मारायला बघायचो, आणि ते प्रत्येक रॅपिडच्या आधी आम्हाला काठावर उतरवून खडकावर बसवायचे. "पहिले देखो." आधी पाणी बघायचं. जीभ कुठं आहे, म्हणजे दोन खडकांमधून गुळगुळीत हिरवं पाणी उताराकडं जातं ती जागा. पांढरं कुठं आहे. पांढऱ्याच्या खाली काय आहे. एडी कुठं आहे, म्हणजे खडकाच्या मागं पाणी उलटं फिरून निवांत होतं ती जागा. लहानपणापासून बघितलेली नदी मला दाईंनी पहिल्यांदा वाचायला शिकवली.

साज्यापासून कामतपर्यंतचा पट्टा साधारण 12 किलोमीटरचा. दीड ते दोन तास लागतात. रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, नवख्या माणसाला झेपतील असे, पण हलक्यात घ्यावेत असे मुळीच नाहीत. नावं बाहेरच्या गाइडांनी दिलेली आहेत. सुरुवातीलाच मॉर्निंग हेडेक, मग क्रोज नेस्ट, हिल्टन, बटर क्रंच, जॉनी वॉकर, राजधानी एक्स्प्रेस. गावातल्या म्हाताऱ्यांकडं ह्याच जागांची दुसरी नावं आहेत, कुणाच्या शेतावरून, कुणाच्या कोंडीवरून. ती मी वहीत लिहून ठेवतोय.

सेफ्टी कयाकरचं काम बघणाऱ्याला वाटतं तसं नसतं. राफ्ट रॅपिडमध्ये शिरायच्या आधी मी खाली जातो आणि एडीत जाऊन थांबतो, तोंड वरच्या बाजूला करून. कमरेला स्प्रे स्कर्ट घट्ट बसलेला असतो, म्हणजे कयाकमध्ये पाणी शिरत नाही. गुडघे आत दोन्ही बाजूंना टेकवलेले असतात, वल्हं आडवं मांडीवर. एडीत पाणी मला हळूच वर ओढत असतं, आणि एक हात पलीकडं मुख्य प्रवाह खाली धावत असतो. मधली रेषा डोळ्यांना दिसते. राफ्ट वर दिसली की मी माणसं मोजतो. गाइड ओरडतो, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" आठ वल्ही आठ तालांत चालतात. राफ्ट जिभेवर येते, नाक खाली जातं, लाट अंगावर येते आणि क्षणभर सगळे गायब होतात. बाहेर आली की मी पुन्हा मोजतो. संख्या जुळली तर वल्हं उंच करून खूण. नाही जुळली तर ती एडीची रेषा तिरकी कापून प्रवाहात शिरायचं. कयाक प्रवाहाच्या खालच्या अंगाला झुकवावी लागते, नाहीतर पाणी तिची कड धरून तिला उलटी करतं. तोवर नजर लाल-पिवळं हेल्मेट शोधत असते.

पाण्यात पडलेल्या माणसाला आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली असते. उभं राहायचं नाही. पाणी कमरेएवढं दिसलं तरी उभं राहायचं नाही. पाठीवर पडा, पाय पुढं, बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत. कारण तळाशी खडकांच्या फटी असतात. पाय एकदा फटीत गेला की मागचं पाणी माणसाला पुढं दाबतं आणि मग कमरेएवढं पाणीसुद्धा डोक्यावरून जातं. धरणाच्या नदीत आणखी एक धोका असतो, झुडपांचा. नदी रोज काही तास उतरलेली असते म्हणून खडकांमधल्या मातीत झुडपं वाढतात, अगदी पात्राच्या मधोमध. पाणी सुटलं की ती बुडतात आणि त्यांच्या फांद्यांची जाळी होते. पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. म्हणून दर हंगामात आम्ही कोयते घेऊन उतरतो आणि वाटेतली झुडपं तोडतो. बाकी कुठल्याही कामापेक्षा मला हे काम महत्त्वाचं वाटतं, आणि पाहुण्यांना ते कधीच दिसत नाही.

लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं तेव्हाही पाणी रोज सुटत होतं, आणि आम्ही काठावर बसून बघत होतो. शहराला वीज लागतच होती. त्या दिवसांत माझ्या नीट लक्षात आलं की आम्ही ह्या नदीवर पाहुण्यांसारखे आहोत. तिची वेळ आमच्यासाठी ठरलेली नाही. वीज कधी लागते, खालच्या तलावात किती साठा आहे, ह्यावर ती ठरते. पाणी उशिरा सुटलं की पाहुणे चिडतात, घड्याळ दाखवतात. त्यांना मी सांगतो, तुमच्याच घरातला दिवा लागायचा आहे, जरा थांबू.

डोलवहाळच्या बंधाऱ्याला नदी पुन्हा अडते. तिथून कालवे निघतात, शेतीला पाणी जातं, धाटावच्या एमआयडीसीला जातं. बंधाऱ्याच्या वरचं पाणी पसरट आणि संथ आहे. ज्याला कयाक शिकायची आहे त्यानं इथून सुरुवात करावी, रॅपिडमधून नव्हे. उलटल्यावर स्कर्टची पट्टी ओढून बाहेर कसं पडायचं, पडल्यावर वल्हं सोडायचं नाही, मग हळूहळू कमरेच्या झटक्यानं कयाक सरळ करणं, हे सगळं इथं उन्हात, हसतखेळत शिकता येतं. माझी पुतणी इथंच शिकली आणि आता माझ्यापेक्षा सफाईनं रोल मारते.

पुढं रोहा. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं गाव, समोर अष्टमी. समुद्राची भरती रोह्यापर्यंत चढते, आणि तिथून नदीची खाडी होते. ओहोटी धरून खाली गेलं की साळावचा पूल, एका अंगाला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं गाव, जिथली माणसं अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. शेजारी चौल, जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी ह्याच किनाऱ्याला उतरला होता. फार सुंदर मार्ग आहे, पण रोह्याखालच्या पाण्यात मी कुणाला मुद्दाम घेऊन जात नाही. तो पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आलेला आहे, आणि यादी बघितली नाही तरी कोळ्यांना विचारलं की कळतं. वर आम्ही ज्या पाण्यात पोरांना पोहायला शिकवतो तेच पाणी खाली पंचवीस-तीस किलोमीटरवर असं व्हावं, ह्याचा मला राग येतो. मुळशीकरांनी जमीन देऊन आलेलं पाणी आहे ते. निदान त्याची घाण तरी करू नये.

शेवटी, एका वादाबद्दल. टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवलेलं पाणी परत पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात सोडावं अशी मागणी अधूनमधून जोर धरते. सोलापूरकडचा दुष्काळ बघितला की ती मागणी समजते. तसं झालं तर उन्हाळ्यातली कुंडलिका संपेल, आमचा धंदाही संपेल, हे मला माहीत आहे. तरी मी त्या मागणीला उडवून लावणार नाही. ते पाणी मुळात तिकडचंच होतं. पण शंभर वर्षांत इकडंही त्या पाण्यावर कालवे, गावांच्या नळयोजना, कारखाने आणि आमच्यासारखी शेकडो घरं उभी राहिली आहेत. जेव्हा केव्हा हा निर्णय होईल तेव्हा त्या टेबलावर मुळशीच्या काठावरच्या वाड्यांतली माणसं असावीत, सोलापूरचा शेतकरी असावा, आणि रोहा-कोलाडच्या काठावरचाही कुणीतरी असावा. 1921 मध्ये कसणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. ह्या वेळी विचारावं.

येणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी या. गर्दी कमी असते, गाइडला बोलायला वेळ मिळतो. आदल्या रात्री वस्तीला या, कारण पाणी सुटल्यावर ते तुमच्यासाठी थांबत नाही. पायात पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट घाला, साधी चप्पल पहिल्याच लाटेत जाते. लाइफ जॅकेट गाइडनं स्वतः ओढून बघितल्याशिवाय बोटीत बसू नका, आणि बोटीबरोबर सेफ्टी कयाक आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा. ताम्हिणीमार्गे येत असाल तर मुळशीच्या तलावाशी गाडी थांबवा, उतरा, पाणी बघा. आणि मग खाली या.